शेजाऱ्यांचा ठराव

ही हकीकत मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. सांगायला लागले की ऐकणारा विचारतो, "मग तुम्ही कोणाच्या बाजूने होतात?" आणि तिथेच माझे बोलणे थांबते. लिहिताना निदान मध्येच कोणी विचारत नाही.

२००७ सालच्या वसंतात आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहत होतो. नवरा एका विमा कंपनीच्या संगणक विभागात होता. त्याच्या वर्क व्हिसाची सहा वर्षे संपत आली होती. पुढे राहायचे तर ग्रीन कार्डाच्या अर्जाच्या आधारे मुदतवाढ मिळणे आवश्यक होते. ते पत्र येते की नाही, यावर आमचे घर, मुलीची शाळा, सगळेच अवलंबून होते. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे मला नोकरीची परवानगी नव्हती. नागपूरला मी अकरा वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले होते. डब्लिनला आल्यापासून लाल शाईचे पेन विकत घेण्याचा प्रसंग आला नव्हता.

आमचे शेजारी सत्तरी ओलांडलेले, विधुर, यंत्रांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्ही भारतात गेलो की आमचे टपाल ते काढून ठेवत. बर्फ पडल्यावर पायऱ्यांवर मीठ किती आणि कसे टाकावे, हे त्यांनीच मला शिकवले. त्यांच्या हिरवळीवर त्यांच्या पक्षाचे चिन्ह असलेल्या हत्तीची पाटी निवडणूक असो वा नसो, बारा महिने उभी असे.

एप्रिलमधल्या एका दुपारी ते हातात रुबार्बच्या लाल देठांची जुडी आणि टाइप केलेले दोन कागद घेऊन आले. त्यांच्या पक्षाच्या स्थानिक क्लबची बैठक होणार होती आणि तिथे त्यांना एक ठराव मांडायचा होता. त्या दिवसांत राष्ट्राध्यक्ष त्यांच्याच पक्षाचे होते. परवान्याविना देशात राहणाऱ्यांना कायदेशीर होण्याची वाट देणारे विधेयक खुद्द राष्ट्राध्यक्षांनाच हवे होते, आणि त्यावरून पक्षातले बरेच लोक त्यांच्यावर चिडलेले होते. क्लबने ठराव केला की तो आपल्या खासदाराकडे जाणार होता.

आपल्याला शाळेनंतर कुणी निबंध लिहायला लावलेला नाही, तेव्हा जरा नजर टाका, असे ते संकोचाने म्हणाले. काय द्यायचे तेही त्यांनी विचारले. माझ्या व्हिसावर मोबदला घेता येत नाही, असे मी सांगितले.

"सरकार तुम्हाला कागदसुद्धा तपासू देत नाही?" ते म्हणाले, आणि माझ्या वतीने सरकारवर बराच वेळ रागावले.

ते गेल्यावर मी कागद वाचले. पहिले पान सीमा, कुंपण आणि कायदा यांबद्दल होते आणि रेडिओवर रोज ऐकू येणाऱ्या शब्दांनी भरलेले होते. दुसऱ्या पानावर मागणी होती, की बाहेरून माणसे आणण्याचे कामाचे परवाने थांबवावेत आणि ज्यांना ते आहेत त्यांना मुदतवाढ देऊ नये. म्हणजे त्या वाक्यात आम्ही होतो. त्याखाली काही ओळी लिहून पेनाने खोडलेल्या होत्या. त्यांच्या मुलाची संगणकाची नोकरी गेली, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या माणसाला त्याने सहा आठवडे काम शिकवावे, असे त्याला सांगण्यात आले होते. शेवटच्या दिवशी त्याने त्या माणसाला कॉफीच्या यंत्राला नेमकी कुठे थाप मारावी लागते, तेही दाखवले होते.

चुका तेवढ्या सुधारून कागद परत करणे मला शक्य होते. तो ठराव तसाच वाचला गेला असता, तर तो कोणी फारसा ऐकला नसता, असे मला वाटते. परंतु जिथे लिहिणाऱ्याचा जीव आहे ती जागा शोधा आणि तिथून सुरुवात करा, असे मी अकरा वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आले होते. मुलीच्या दप्तरातली लाल रंगाची पेन्सिल घेऊन मी पहिले पान जवळजवळ पूर्ण खोडले आणि त्यांनी खोडलेल्या, मुलाबद्दलच्या ओळी सर्वांत वर नेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "हे घरातलं आहे. चारचौघांत कसं वाचू?"

"म्हणूनच वाचा," मी म्हणाले.

रुबार्बची मी चुक्यासारखी, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून पातळ भाजी केली होती. संध्याकाळी जेवताना ठरावाची प्रत नवऱ्याला दाखवली. त्याने घास हातात तसाच धरून ती वाचली.

"अगं, म्हणजे आपलंच एक्स्टेन्शन कॅन्सल करा म्हणून तू एडिट करून दिलंस?"

मी त्याच्या ताटात भाजी वाढली. तो पुन्हा कागदाकडे पाहू लागला.

"कॉफी मशीनचं खरं असणार," तो म्हणाला. "मला ज्याने ट्रेन केलं, त्याने पार्किंगमध्ये सावली कुठे मिळते ते दाखवलं होतं."

"त्याचं पुढे काय झालं?"

"विचारलं नाही यार," असे म्हणून त्याने ताट पुढे ओढले.

बैठक शनिवारी सकाळी ग्रंथालयाच्या छोट्या सभागृहात होती. शेजाऱ्यांनी आग्रहाने मला नेले. मी सर्वांत मागच्या खुर्चीवर बसले. आणि पाहते तो पुढच्या रांगेत डॉक्टरकाका. दर गणपतीत आम्ही ज्यांच्याकडे जेवायला जात असू, ते हे काका सत्तरच्या दशकात इथे आले होते आणि आता निवृत्त होते. ते या क्लबचे जुने सभासद आहेत, हे मला त्या दिवशी कळले. त्यांनी मागे वळून भुवया उंचावल्या. मी उगाचच हातातली पर्स उघडून मिटली.

ठरावाला विरोध केला तो झाडांची नर्सरी चालवणाऱ्या एका गृहस्थांनी. बाहेरून मजूर आले नाहीत तर खड्डे कोण खणणार, तुमची नातवंडे का, असे त्यांनी विचारले तेव्हा सभेत हशा पिकला. मी त्यांच्या बाजूने असायला हवे होते. पण सभेतले ते हसणे मला आवडले नाही. नंतर शेजारी उभे राहिले. कॉफीच्या यंत्राच्या वाक्याशी त्यांचा आवाज अडखळला आणि हसणारी माणसे गप्प झाली. मी शिकवलेला कोणताही निबंध इतक्या शांततेत ऐकला गेला नव्हता. मला अभिमान वाटला, हे लिहायला नको, पण वाटला. मग हात वर झाले, बरेच हात, आणि त्यांत डॉक्टरकाकांचाही होता.

ठराव मंजूर झाल्यावर काका डोनट घेऊन माझ्यापाशी आले.

"तू इकडे कशी गं?"

शेजाऱ्यांबरोबर आले, असे मी सांगितले. काका समजावण्याच्या सुरात म्हणाले, की आपल्या वेळी या देशाला डॉक्टर हवे होते, म्हणून त्यांनी आपल्याला बोलावले. सगळे रीतसर झाले.

"आम्हीही रीतसरच आलोय, काका," मी म्हणाले. इतके बोलायलाही मला बळ आणावे लागले.

"हो गं, तुमचं वेगळं आहे," ते म्हणाले आणि डोनट माझ्या हातात दिले. वेगळे म्हणजे कसे, हे विचारण्याचे मला त्या क्षणी सुचले नाही, आणि नंतरच्या कोणत्याही गणपतीत धीर झाला नाही.

परतताना गाडीत मी शेजाऱ्यांना सांगितले, की दुसऱ्या पानावरच्या मागणीत आम्ही येतो. आमचे मुदतवाढीचे पत्र अजून आलेले नाही. दोन सिग्नल पार झाले.

"मला माहीत आहे," मग ते म्हणाले. "माझ्या मुलाने ज्याला शिकवलं, तोही तुमच्याकडचाच होता. मुलगा म्हणतो, माणूस चांगला होता. वाईट असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं." पुढच्या वळणावर त्यांनी विचारले, "तुम्ही माझं लिहिणं वाईटच राहू का दिलं नाहीत?"

मी हातातले डोनट कागदी रुमालात गुंडाळले.

"पत्र नाही आलं, तर जाल?"

"जावंच लागेल."

"मग टपाल कुठे पाठवायचं, ते लिहून ठेवा," ते रस्त्याकडे पाहत म्हणाले.

जूनमध्ये मुदतवाढीचे पत्र आले, तीन वर्षांचे. नवऱ्याने कचेरीतून मला दोनदा ते फोनवर वाचायला लावले. त्याच दुपारी शेजारी एक लिफाफा घेऊन आले. त्यांच्या ठरावाला खासदारांच्या कार्यालयाकडून उत्तर आले होते.

"हे हो आहे की नाही, तेवढं सांगा," असे म्हणून ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले.

मी ते तीनदा वाचले. आभार होते, काळजी होती, सीमेचा उल्लेख होता, उद्योगांच्या गरजेचाही होता, आणि मुलाबद्दल सहानुभूतीचे एक वाक्य होते. इतकी वर्षे इंग्रजी शिकवूनही मला त्यातून हो की नाही, ते काढता आले नाही. तसे मी त्यांना सांगितले.

त्यांची नजर टेबलावरच्या आमच्या पत्राकडे गेली. मी ते त्यांच्यापुढे सरकवले. चष्मा पुसून त्यांनी ते अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

"हे मात्र हो आहे," ते म्हणाले.

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता की आणखी काही, ते मला ओळखता आले नाही. आमचे पत्र त्यांनी जपून घडीवर घडी घालून परत दिले आणि स्वतःचे उलटे करून त्याची कोरी बाजू वर केली.

"त्यांना पुन्हा लिहावं लागेल," ते म्हणाले. "स्पष्ट विचारायला हवं. बसता का जरा?"

मी आमचे पत्र फ्रिजवर नेऊन ठेवले, कारण टेबलावर जागा हवी होती, आणि मुलीच्या दप्तरात लाल पेन्सिल शोधू लागले.