ताट पाहून द्यायची सुई

महापालिकेला, टेलिफोन खात्याला, संपादकांना आणि आमच्या सोसायटीच्या प्रत्येक सचिवाला मी आयुष्यभर इतकी पत्रे लिहिली आहेत की मुलुंडच्या टपाल कचेरीत माझे अक्षर ओळखतात. ज्याचा ज्याचा राग आला, त्याला कलमासकट सुनावले. एक गोष्ट मात्र कोणत्याही पत्रात उतरली नाही. पत्नीला सांगितली नाही, मुलांना नाही, देवापुढेही उच्चारली नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — तुम्हालाच का, ते मला ठाऊक नाही.

ऐंशीचे दशक नुकते लागले होते. फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत मी मुख्य कारकून होतो. कायद्याची पदवी नव्हती, पण भांडणात वकिलांना मागे टाकी. आईला मधुमेह, पायाची जखम भरेना, म्हणून तिला घराजवळच्या रुग्णालयात ठेवले होते. तिथे परिचारिकांचे विद्यालयही होते. सकाळी त्यांच्या शिक्षिका मुलींना आईच्या खाटेभोवती उभे करून शिकवत आणि मी स्टुलावर बसून ऐकत असे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ — मुली पाढ्यासारखे म्हणत. मला ते फार आवडे. कलमेच ती! आणि बाई आणखी एक सांगत, “इन्सुलिन घड्याळ पाहून नाही द्यायचं, मुलींनो, ताट पाहून द्यायचं. पोटात अन्न गेलं नाही तर तीच सुई साखर इतकी उतरवते की माणूस बेशुद्ध पडतो.”

हे मी माझ्या कानांनी ऐकले होते. माहीत नव्हते, असे मला म्हणता येणार नाही.

पण मी धरून बसलो ते ‘योग्य वेळ’. एका दुपारी आईची सुई उशिरा आली आणि मी मेट्रनच्या टेबलावर दोन पानी तक्रार ठेवली. हलगर्जीपणा, जबाबदारी, नुकसानभरपाई — काही सोडले नाही. मेट्रनने माफी मागितली. उद्यापासून ठरल्या वेळी सुई मिळेल, म्हणाल्या. जिंकण्याची चव तुम्हाला माहीत आहे का? मला होती. फार होती.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती.

“आज चंद्र दिसेपर्यंत मी काही घेणार नाही हो,” आई सकाळचे दूध पिऊन हळूच म्हणाली. “डॉक्टरांना बोलू नकोस. ओरडतील.”

“आई, इथे गणपतीचं नाही चालत, मेट्रनचं चालतं.”

“चल, चावट! माझा उपवास तुझ्याएवढा जुना आहे.”

मी हसलो. तिचा डबा — पोळी, पडवळाची भाजी — खाटेजवळ तसाच राहिला.

दुपारी सुलभा आली, अगदी ठरल्या वेळी. कणकवलीकडची मुलगी, पहिल्या वर्षाची. डोक्यावर अजून परिचारिकेची टोपी चढायची होती. तो समारंभ पुढच्याच महिन्यात होता आणि ती वॉर्डभर सांगत सुटली होती की आई गावाहून येणार. हातात ट्रे, ट्रेमध्ये स्टाफ नर्सने तपासून दिलेली सिरिंज. तिने विचारले, “काका, आजींचा डबा आलाय ना? लगेच जेवतील ना?”

किती साधा प्रश्न! ‘नाही’ म्हटले असते तर काय झाले असते? सुई थांबली असती, डॉक्टरांना विचारावे लागले असते, उपवास उघडा पडला असता. आणि काल उशिराबद्दल गरजणारा मीच आज उशिराचे कारण ठरलो असतो — मेट्रनसमोर. तेवढेच. त्याहून मोठे कारण नव्हते.

“डबा दिसत नाही का तुला?” मी म्हणालो. “जेवेल ती. तू तुझं काम कर.”

तिने सुई दिली. आई माझ्याकडे पाहत राहिली. मुलगा बोलला म्हणजे त्याला समजत असेल, असा तिचा स्वभाव. सुलभा गेल्यावर मी आईला म्हटले, दोन घास खा. तिने तोंड फिरवले. मी आग्रह केला नाही — आयुष्यभर उपवास केलेल्या बाईला एका दुपारने काय होते? आणि मग मी तो डबा व्हरांड्यात नेऊन स्वतः खाल्ला. थोड्या वेळाने सुलभा पुन्हा डोकावली. “जेवल्या ना आजी?” मी रिकामा डबा उघडून दाखवला. ती हसली. मी कचेरीला निघून गेलो.

आई घामाने चिंब, बेशुद्ध सापडली. शिरेतून साखर दिली, तेव्हा शुद्धीवर आली. मला फोन आला, आणि मी धावत परत आलो तो काय म्हणत? “हिने विचारलंच नाही! न विचारता सुई दिली!” कोणी आरोप करण्याआधीच. मग लेखी तक्रार. मग मेट्रनच्या खोलीत चौकशी.

सुलभा म्हणाली, “मी काकांना विचारलं होतं.” मी विचारले, साक्षीदार कोण? ती म्हणाली, आजी. आम्ही सगळे खाटेपाशी गेलो. आईने आधी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे — फार वेळ माझ्याकडे. “मला ग्लानी होती,” ती म्हणाली. “आठवत नाही.”

सुलभाचे नाव विद्यालयातून कमी झाले. आईने पुन्हा संकष्टी धरली नाही. एकदा मी कारण विचारले, तर म्हणाली, “ज्या तोंडाने त्या पोरीला खोटं पाडलं, त्या तोंडाने मागू काय?” पुढे ती गेली तोवर आमच्यात तो विषय निघाला नाही. घरात तो होताच. मी पत्र लिहायला बसलो की माझ्या पाठीशी कोणी ट्रे घेऊन उभे असल्यासारखे वाटे. अजूनही वाटते. मी वळून पाहत नाही.

निकालाच्या दिवशी सुलभाने मला जिन्यात गाठले. हातात पत्र्याची पेटी होती. शिकलेली मराठी गळून पडली होती. “काकानू, मिया तुमका इचारलंय मां? एकदा तरी खरां सांगा. माझी आवस येतली...”

काय उत्तर दिले मी? मी म्हणालो, “जे काय असेल ते लेखी द्या.”

तिने काही लेखी दिले नाही. मी मात्र कित्येक महिने तिच्या पत्राची वाट पाहिली. खोडून काढणारे उत्तर, मुद्द्यांसह, माझ्याकडे तयार होते.

तिने विचारले होते. दोनदा विचारले होते. आई जेवली नव्हती. मी जेवलो होतो.