मुंडीचा वाटा

आमच्या भिकाजीभाऊंचा नेम कधीच वाईट नव्हता, वाईट होतं ते तोंड. हे मी त्यांच्यासमोर सांगितलंय, शिव्या खाल्ल्यात, त्यामुळे इथे सांगायला मला कुणाची भीती नाही.

मी रामेश्वर, परभणीकडचा. शारजातून फुजैराकडे निघालं की डोंगर लागायच्या आधी, मेन रोडपासून बरंच आत, आमच्या अरबाबाची म्हणजे मालकाची कुंपण घातलेली जमीन आहे. त्यात दोनशेच्या वर हरणं. मी पिकअप चालवतो, चारा टाकतो, पाण्याचे पाइप दुरुस्त करतो. भिकाजीभाऊ देवरुखच्या बाजूचे, वय बावन्न. एकोणीस वर्षांपूर्वी कुंपणाचे खड्डे खणायला आले आणि आता त्यांच्या हातात बंदूक असते. दचकू नका, इथे शिकारीला सक्त बंदी आहे. ही भुलीची बंदूक. गोळीच्या जागी सुई जाते, हरीण गुंगीत खाली बसतं आणि मग डॉक्टर त्याला तपासतात. डॉक्टर म्हणजे मिहिका मॅडम, मूळच्या पुण्याच्या, राहायला अल नहदाला. औषध त्या भरतात, सुई भाऊ मारतात.

लोकांना वाटतं, नेम धरला, घोडा ओढला, खलास. कसलं काय! एकदा ईदला अरबाबाने मला ऊदचं अत्तर दिलं, मी हौसेने लावून आलो, तर भाऊंनी मला पिकअपमधून खाली उतरवलं. "वारा तिकडे जातोय. तुझ्या वासानं पाव किलोमीटरवरचं हरीण उठेल. चालत ये मागून." मी चालत गेलो, दोन किलोमीटर, वाळूतून! दार आपटलं तर शिव्या. हरीण चालत असताना मार म्हटलं तर शिव्या. दुसरं हरीण मागे उभं असेल तर बंदूकच खाली. आणि मी एकदा विचारलं, भाऊ, तुम्ही बघता कुठे, तर म्हणाले, "सगळं हरीण बघायचं नाय. मागच्या मांडीवर चार बोटांची जागा धरायची, बाकीचं हरीण तिथे नाहीच असं समजायचं."

एवढा शहाणा माणूस. आणि या जानेवारीत काय केलं?

एका नराच्या शिंगात तार अडकली होती. भाऊंनी चाळीस पावलांवरून सुई मारली, बरोब्बर मांडीत. आणि मारल्या क्षणी पिकअपमध्ये उभे राहून बोंबलले, "लागली रेऽऽ लागली!" सुई लागल्यावर हरणाला सात-आठ मिनिटं शांत सोडावं लागतं, तेवढ्यात औषध चढतं. हा नर उधळला. अंगात औषध, मनात भीती, सरळ पळत कुंपणावर गेला आणि मान मोडून मेला. मिहिका मॅडम तिथेच वाळूत बसल्या. नंतर एवढंच म्हणाल्या, "भिकाजी, नेम तुमच्यासारखा कुणाचा नाही. पण पुन्हा असं झालं तर बंदूक मी दुसऱ्याला देणार." अरबाबाने तर बाहेरून माणूस बोलवायचं ठरवलंच होतं, मॅडमनी अडवलं.

मी चिडलो होतो. रूमवर आल्यावर म्हटलं, "भाऊ, ओरडायची काय गरज होती? मॅच जिंकली होती का?"

भाऊ चपला काढून खाटेवर बसले. मग सांगितलं. त्यांच्या गावात पूर्वी शिमगा झाला की अख्खा गाव पारधीला जायचा. आता कायदा आला, बंद झालं, बरंच झालं. पण तेव्हाची रीत अशी की ज्याची गोळी लागेल त्याने तिथल्या तिथे ओरडायचं. रानात आरडाओरडा करून जनावर उठवणारे हाकारे असतात, कुत्री असतात, त्यांना कळायला हवं. मांस सगळ्या घरांना सारखं वाटायचं, पण मुंडी ज्याने पहिला आवाज दिला त्याची. मुंडीचा वाटा म्हणजे त्या वर्षाचा मान. भाऊ सतरा वर्षांचे असताना वडिलांनी, म्हणजे आबांनी, पहिल्यांदा त्यांच्या हातात ठासणीची बंदूक दिली. समोर भेकर आलं. भाऊंनी मारलं आणि भेकर पडलं. पण पोराला इतका आनंद झाला की घशातून आवाजच फुटेना! तेवढ्यात पलीकडच्या वाडीचा एक जण ओरडला आणि मुंडी त्याच्या घरी गेली.

"आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत," भाऊ म्हणाले. "शेजारी बसून जेवायचे, पण जेवलास का म्हणून विचारलं नाही. तेव्हापासून हे असं आहे, रामेश्वर. गोळी सुटली की तोंड आपोआप सुटतं. माझ्या हातात नाय ते."

"तोंड हातात नसतंच," मी म्हटलं, "दातात धरा."

मी चेष्टेने बोललो होतो. पण माणसाने मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी चारा टाकून झाला की चाऱ्याचं रिकामं पोतं भुशाने भरून काठीला टांगायचं, तोंडात खजुराची बी धरायची, रिकामी सुई मारायची आणि मग घड्याळ लावून आठ मिनिटं हूं की चूं न करता बसायचं. मी कशाला सोडतोय? त्या आठ मिनिटांत मी त्यांना खिजवायचो. देवरुखला नावं ठेवायचो, कोकणातला आंबा आंबट म्हणायचो. माणूस लाल व्हायचा, पण बी दातात. एकदा रूमवर सगळे मॅच बघत होते, शेवटच्या ओव्हरला विकेट पडली, अख्खी रूम नाचली आणि हे भिंतीला टेकून गप्प. नेपाळी कुक घाबरून मला म्हणाला, "भाईसाब को बुखार है क्या?" चार महिने हा प्रकार चालला होता. एक दिवस चुकला नाही.

आणि मग मे महिन्यात माझी चूक झाली. सांगतोच, लपवण्यासारखं नाही. झाडांच्या पाण्याचा पाइप फुटला होता, मी नवीन जोड बसवला आणि जुना जोड, असा चार बोटं रुंद, आतून पोकळ प्लास्टिकचा तुकडा, तिथेच वाळूत टाकला. उद्या उचलू म्हटलं. त्यात ओल राहिली असणार. एका हरिणीने चाटायला आत तोंड घातलं आणि तो जोड तोंडावर घट्ट बसला. गुरुवारी सकाळी ती दिसली. जबडा उघडता येईना, चरता येईना, पाणी पिता येईना. आणि झुडपात तिचं पंधरा दिवसांचं पाडस. आई खाईना म्हणजे दूध आटणार, दोन्ही जाणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उन्हात भूल देता येत नाही, अंग तापून जनावर मरतं. जे करायचं ते सकाळी आठच्या आत. शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. ती कळपाबरोबर होती, पण उभीच राहीना. त्यात अरबाबाचे पाहुणे पांढरी गाडी घेऊन बघायला आले. कळप हलायला लागला. अरबाब खिडकीतून म्हणाला, "यल्ला, मारो! सामने तो है!" भाऊंनी मान हलवली. ती चालत होती, मागे दुसरी मादी होती. अरबाब पुन्हा म्हणाला. भाऊंनी बंदुकीतली सुई काढून मॅडमच्या हातात दिली आणि म्हणाले, "आज नाय." आठ वाजून गेले होते. अरबाब गाडी वळवून गेला. मॅडम मला हळूच म्हणाल्या, "उद्या नाही झालं, तर परवा ती नसेल."

रात्रभर मला झोप नव्हती, भाऊ मात्र घोरत होते. राग आला मला, खरंच सांगतो.

शनिवारी मॅडमनी अरबाबाला फोनवर स्पष्ट सांगितलं, आज कुणी यायचं नाही. त्या त्यांची गाडी घेऊन लांब टेकाडामागे थांबल्या. मी आणि भाऊ पिकअपमध्ये. रोजची चाऱ्याची वेळ, रोजचा रस्ता, रोजचा वेग, सगळं भाऊंनी ठरवलेलं. दोन गठ्ठे चारा टाकून मी इंजिन बंद केलं. कळप आला. ती सगळ्यात मागे, खाली मान घालून उभी. चाऱ्याला नाक लावायची आणि तशीच उभी राहायची. मी स्टीअरिंग घट्ट धरून बसलो. पंचवीस मिनिटं गेली. एक नर तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि हलेचना. मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या काढल्या. भाऊंच्या गालात बी इकडून तिकडे फिरत होती, बाकी माणूस दगड झाला होता. सव्वासात झाले. नर दोन पावलं पुढे गेला. ती वळून आडवी उभी राहिली, मांडी आमच्याकडे, मागे नुसती वाळू.

फट्.

गुलाबी पिसाची सुई मांडीत, जिथे हवी तिथे. आणि काय सांगू तुम्हाला, माझंच तोंड उघडलं! चार महिने त्या माणसाला खिजवलं आणि "लाग..." माझ्याच घशातून निघालं. भाऊंचा पंजा माझ्या तोंडावर बसला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे तिच्यावर, पंजा माझ्या तोंडावर, आणि तो पंजा त्यांनी काढला नाही.

ती दचकली, वीस पावलं पळाली, थांबली. इकडे तिकडे बघितलं. कुठेच कुणी नाही, चाऱ्याची पिकअप तेवढी. मग चालत दुसऱ्याच एका टेकाडामागे गेली आणि दिसेनाशी झाली. मॅडमचा मेसेज आला, "इथून दिसत नाही, जाऊ का?" भाऊंनी एका हाताने उत्तर दिलं, "नाही." माझ्या मनात कुंपण आलं, तो जानेवारीतला नर आला. मी त्यांच्या हाताखाली घामाघूम झालो होतो. भाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दातांत बी कडकड वाजत होती. आठ मिनिटं झाली, मग हात निघाला.

"आता चल," ते म्हणाले. "दार आपटू नकोस."

ती त्या टेकाडामागे पाय दुमडून बसली होती, मान खाली, श्वास चालू. मॅडमनी डोळ्यांवर फडकं बांधलं, मी अंगावर पाणी ओतत राहिलो, भाऊंनी पक्कडीने तो जोड दोन ठिकाणी तोडला. आत जीभ सुजली होती, ओठ सोलले होते. मॅडमनी औषध लावलं, इंजेक्शन दिलं आणि शेवटी उताऱ्याची सुई टोचली. आम्ही चाऱ्याचा एक गठ्ठा झुडपापाशी टाकून पिकअपमागे जाऊन बसलो. दोन मिनिटांत ती उठली, धडपडली, पुन्हा उठली. झुडपापाशी जाऊन उभी राहिली. पाडस बाहेर आलं आणि थेट तिच्या पोटाखाली घुसलं. ते पीत होतं आणि तिने समोरच्या गठ्ठ्यातली एक काडी ओढली. मी रडलो. लाज कसली त्यात?

मॅडमनी बंदूक पुसून भाऊंच्याच हातात दिली.

मग भाऊंनी बोटिम ॲपवर गावाला फोन लावला. आबा चौऱ्याऐंशी वर्षांचे, ऐकायला कमी, त्यामुळे स्पीकर ऑन आणि आवाज अख्ख्या वाळवंटाला. सगळं सांगून झालं.

"लागली?" आबांनी विचारलं.

"लागली."

"वरडलास?"

"नाय, आबा."

मग आबा म्हणाले, "मग मुंडी कुणाला गेली रे?"

भाऊंनी तिच्याकडे बघितलं. ती मान खाली घालून हळूहळू चावत होती.

"जिची होती तिच्याकडंच ऱ्हायली, आबा."

तिकडे नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं फोन कट झाला. भाऊ तसेच फोन धरून उभे, सतरा वर्षांचे असतील तेव्हाही असेच उभे राहिले असणार.

"बरं," आबा म्हणाले. "जेवलास काय?"

भाऊंनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मग मीच फोन घेतला आणि ओरडून सांगितलं, "नाही जेवले हो आबा, आता जेवतील."