मामांचे मतदारसंघ

ज्या देशात स्वतः कधी पाऊल ठेवलं नाही, त्या देशातल्या पडलेल्या उमेदवारांसाठी मनापासून हळहळणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या नात्यात निघावा हे माझं भाग्य. आईचे मामेभाऊ, म्हणजे माझे लांबचे मामा. ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला गेलो तेव्हा ते तिथं वीस-एक वर्षं मुरलेले होते. दिवसा मोटारींच्या ब्रेकचं डिझाइन करायचे आणि उरलेल्या वेळात ब्रिटनच्या जुन्या निवडणुकांचे नकाशे रंगवायचे. लायब्ररीतून निकालांचे जाडजूड ग्रंथ आणायचे, कोऱ्या नकाशाच्या झेरॉक्स काढायच्या आणि एकेक मतदारसंघ रंगीत पेन्सिलीनं भरायचा. हुजूर पक्ष निळा, मजूर पक्ष लाल, उदारमतवादी पिवळे. लंडनचे मतदारसंघ तांदळाच्या कणीएवढे. तिथं पोचले की मामा श्वास रोखून धरत. मध्येच एखाद्या नावाशी थबकत. "बिचारा! तीनदा उभा राहिला, तीनदा आपटला. घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल रे यानं?" त्र्याऐंशीच्या निवडणुकीआधी तिकडे मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, तेव्हा आठवडाभर यांना अन्न गोड लागलं नव्हतं, असं मामी सांगायच्या.

शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला असायचो. डायनिंग टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नकाशा.

"अहो, ब्रिटन उचला, पानं घ्यायचीत," मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

"थांब गं, वेल्स अर्धवट राहिलंय."

अमेरिकेत जन्मलेली लेक कपाळाला हात लावायची. "बाबा, इट्स नॉट इव्हन अवर कंट्री!"

"मग अवर कंट्री कुठली, ते तू सांग," मामा मान वर न करता म्हणायचे, आणि वेल्सकडे वळायचे.

डाळी, मसाले आणायला आम्ही कधीकधी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूला जायचो. मामींना तूरडाळ हवी असायची; मामांना त्या नावाचाच आनंद. गाडी चालवताना ते इंग्लंडातल्या खऱ्या डेव्हन परगण्यात कोण कधी निवडून आलं ते सांगत, आणि मामी मागच्या सीटवर शांतपणे झोपत. एकदा तिथल्या एका दुकानातले गुजराती गृहस्थ सहज बोलून गेले, की आपण आधी इंग्लंडमध्ये लेस्टरला होतो. मामांनी हातातली हिंगाची डबी खाली ठेवली.

"लेस्टर ईस्ट, वेस्ट की साउथ?"

ते गृहस्थ चकित झाले. "साउथ. तुम्ही तिथे राहत होता?"

"छे! पण त्र्याऐंशीला तिथं काय चुरस झाली! बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी निकाल लागला."

"अरे भाई, उसमें एक वोट मेरा था," ते हसून म्हणाले. "आमचा माणूस पडला, पण मी टाकलं होतं. आप किधर वोट डालते हो?"

मामा डाळीची पिशवी उचलून गाडीत जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर रेडिओसुद्धा लावला नाही. गाडी चालवता चालवता म्हणाले, "मी कुठंच दिलं नाही रे." भारतातून निघाले तेव्हा मतदानाचं वय एकवीस आणि हे जेमतेम वीस वर्षांचे. इकडे ग्रीन कार्डावर मत नाही. आई आहे तोवर आपला पासपोर्ट सोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आई जाऊनही बरीच वर्षं झाली होती. कारण संपलं, सवय राहिली.

त्या हिवाळ्यात मामांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला. शपथ घेऊन आले त्या दिवशी मामींनी शिरा केला होता. मामांनी त्यात नुसता चमचा फिरवला. "आता तो पासपोर्ट परत पाठवायचा," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन पडले. मामी माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "राहू दे. आज त्यांना काही विचारू नकोस."

पुढची निवडणूक आली ती गावातल्या शाळामंडळाची, जूनमध्ये. लेक केव्हाच कॉलेजात गेली होती, आणि त्या निवडणुकीला गावातलं कुणी फारसं फिरकत नसे. मामा मात्र लग्नातला सूट घालून मला घेऊन निघाले. शाळेच्या व्यायामशाळेत टेबलामागे दोन म्हाताऱ्या बायका विणकाम करत बसल्या होत्या. मामा पडद्याआड गेले ते बाहेर येईनात. शेवटी एकीनं हाक मारली, "सर, इज एव्हरीथिंग ऑलराइट?"

"येस, येस. जस्ट अ मिनिट," आतून आवाज आला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुणाला दिलंत, मामा?"

"गुप्त असतं ते," ते ताठ मानेनं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात आतल्या पानावर निकाल आला. मामांनी मला जवळ बोलावलं, उमेदवारांची नावं तळहातानं झाकून धरली आणि फक्त आकडे दाखवले.

"बघ," ते म्हणाले, "यातल्या एकात मी आहे."