बाबारावांची तापणारी गाडी

फुलसावंगीत पाण्याची जळालेली मोटार नव्या तारेने भरून घ्यायची, तर आमच्या शेजारच्या बाबारावांकडेच. माणूस लाखात एक, पण हट्टी! स्वतःच्या वस्तूला दुसऱ्याचा हात लागू देणार नाहीत. यंदा घेतलेली जुनी पांढरी कार तापायला लागली, तेव्हा 'महागावच्या मिस्त्रीला दाखवा' एवढंच मी म्हणालो आणि त्यांचा दोन दिवसांचा अबोला ओढवून घेतला.

गाडी घेतली होती बायकोसाठी, रुखमाबाईंसाठी. अशोक विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर जाणं त्यांनी लग्न झाल्यापासून कधी चुकवलं नव्हतं. मागच्या वर्षी मात्र गुडघ्यांनी दगा दिला. मेटॅडोरमध्ये चढता येईना. सगळी वस्ती निघून गेली आणि त्या दारात बसून राहिल्या. बाबारावही गेले नाहीत, दिवसभर जेवलेही नाहीत. यंदा गाडी चालली नाही, तर पुन्हा तेच होणार होतं.

गाडीच्या तोंडावर त्यांनी आठवडाभर आधीच भलामोठा बॅनर बांधला. वर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली 'बाबाराव परिवार, फुलसावंगी'. तसं मिरवत फाट्यापर्यंत चक्कर मारली, की तापमानाचा काटा वर! घरी आल्यावर ते आधी बॅनर सोडत, नीट घडी करून कपाटात ठेवत, गाडी थंड होऊ देत आणि मगच बॉनेट उघडत. रेडिएटरचं पाणी पाहिलं, पाइप दाबून पाहिले, थर्मोस्टॅट बदलला. अंगणात इंजिन चालू ठेवलं, की पंखा फिरायचा आणि काटा मुकाट्याने मध्यावर. या सगळ्या तपासणीत चहा मात्र माझ्या घरचा संपला.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा चक्कर, पुन्हा वाफ. बाबाराव कपाळाला हात लावून ओट्यावर बसले.

"जाऊ द्या. पुढल्या वर्षी जाऊ," रुखमाबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने बाबाराव उठले आणि नेहमीसारखे बॅनरच्या दोऱ्या सोडू लागले. रुखमाबाई पाहत होत्या.

"अवो, हे बांधलं का गाडी तापते, सोडलं का बरी होते. तिच्या नाकातोंडावर कपडा बांधून तिले पळवून राह्यले तुमी. हवा कुठून घेईन ते?"

बाबारावांना पटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण हातातली दोरी सुटेना.

"बॅनर नाई, तं गाडी आपली हाय हे लोकायले कसं समजन?"

"मले समजते ना," रुखमाबाई म्हणाल्या. "मांगच्या काचीवर बांधा."

पहाटे दोघं निघाले. माझं दिवसभर कशात लक्ष लागेना. दुपारी फोन वाजला.

"जय भीम! गाडी गार हाय," बाबाराव ओरडले. "हिच्यासंग बोल."

पलीकडे नुसता गर्दीचा गलबला. "पोचलो आमी," रुखमाबाई म्हणाल्या, आणि मग मला फोनवरूनच 'जय भीम'चा घोष ऐकवला.