मामा, कांदा आणि मॅग्नेशियम

स्वतःच्या नावाआधी स्वतःच्या आजाराची ओळख करून देणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. रिक्षावाला असो, न्हावी असो, मामा आधी सांगणार, "मला फिट येते. आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना." मग मीटर टाकायला सांगत. आमच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी हे माझ्या वडिलांना ऐकवलं, तेव्हा वडिलांचा पोह्यांचा चमचा तोंडापाशीच थांबला होता.

मामांचा मार्केट यार्डात कांद्याचा गाळा. तिथे फिट आली की हमाल हाताशी असेल तो कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरत. शुद्धीवर आले की मामा शर्ट झटकत विचारत, "दिवसभर कांद्यातच बसतो मी. त्याने फिट थांबायची असती, तर आली असती का?" हमालांना हे अगदी पटे आणि पुढच्या वेळी ते पुन्हा कांदाच फोडत. मामींना मात्र यातल्या कशाचंच हसू येत नसे. मामा अंघोळीला गेले तरी त्या दाराबाहेर उभ्या. मामा म्हणत, हिला उगाच धास्ती, मिनिटभराची गोष्ट, मला तर कळतही नाही.

पुढे हिंजवडीत नोकरी करणारा माझा मेहुणा मॅग्नेशियम, माशाचं तेल आणि कसल्या कसल्या जीवनसत्त्वांच्या बाटल्या घेऊन आला आणि म्हणाला, की या घेतल्या तर फिटच्या गोळ्या लागणारच नाहीत. कशावरही विश्वास न ठेवणारे मामा नेमके यावर भाळले. डॉक्टरांच्या गोळ्यांनी सकाळच्या लिलावात त्यांना पेंग येई, आणि फिट येऊन बरीच वर्षं झाली होती. डॉक्टरांनी समजावलं, की शरीरात कमी असेल ते भरून काढावं, तुमच्या हाडांसाठी ड जीवनसत्त्व मीच लिहून दिलंय, पण ते गोळ्यांची जागा घेत नाही, आणि गोळ्या एकदम सोडल्या तर जिवावर बेतेल. मामा म्हणाले, विचार करतो. विचार करून त्यांनी जाहीर केलं, की पुतण्याचं लग्न झालं की गोळ्या बंद. मामींचं जेवण त्या दिवसापासून निम्म्यावर आलं.

लग्नात पंगतीला समोर बसलेले मुलीकडचे एक गृहस्थ एकाएकी ताठ झाले आणि पानावरच कोसळले. हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. सगळ्यांच्या आधी मामा पोचले. गृहस्थांना कुशीवर वळवलं, चष्मा काढला, डोक्याखाली स्वतःचं उपरणं दिलं आणि मुदपाकखान्यातून आलेला कांदा परत पाठवला. थोड्या वेळाने गृहस्थ सावरले. मामा मात्र खुर्चीत बसले ते घामाने भिजलेले. आता यांनाही येते की काय, असं मला वाटलं. तसं काही नव्हतं. इतकी वर्षं सगळ्यांना फिट शिकवणाऱ्या मामांनी ती आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती.

मामी पाणी घेऊन आल्या.

"मला असंच होतं का गं?" मामांनी विचारलं.

"तुम्हाला याहून जास्त वेळ होतं."

मामांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "चल, घरी जाऊ. गोळीची वेळ झाली."

पुढे बऱ्याच वर्षांनी मामा वारले, फिटने नव्हे, म्हातारपणाने. त्यांची फार आठवण येते, आणि येते ती त्या दुपारची. गोळीची वेळ रात्रीची होती. मामींना ते पक्कं ठाऊक होतं, तरी त्या लगेच चपला शोधायला गेल्या.