उलटी चकती

टाकीवाल्या काकांचा नुसता जळफळाट चालला होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली पाण्याची टाकी त्यांनी एकवीस वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळली. वर्षाचा पहिला प्रयोग मुलांना तेच दाखवायचे. टाकीत पाणी जितकं उंच, तितक्या वेगानं ते भोकातून सुटतं. सूत्रानं शंभर लिटर यायला हवं, पण धार बाहेर पडताच आकसते आणि हाती येतं बासष्ट. काका नुसत्या धारेकडे बघून आकडा सांगायचे, की टाळ्या! आणि यंदा विभागाच्या मोठ्या सरांनी तो मान उचलून नव्या मॅडमना दिला.

"काय हो, सवत आल्यासारखं तोंड केलंय!" बायको म्हणाली.

"कालची पोर! हातात कधी पाना धरला नाही, आणि म्हणे प्रयोग दाखवणार!" काका भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन त्यांनी भोकाची पितळी चकती काढली आणि उलटी बसवली. पाण्याकडे हवी ती धारदार कड बाहेर, उतरती कड आत. आता पाणी अलगद घसरत येणार, धार फारशी आकसणारच नाही. बघू या मॅडमचं गणित!

मॅडमनी बासष्ट येणार म्हणून सांगितलं, आकडा आला अठ्ठ्याहत्तर. मॅडमनी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मुलं खुसखुसली. काकांना गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला!

"चकती तपासलीत का?" मागून मोठ्या सरांनी विचारलं.

"ती काकांनी लावलीय सर, ती चुकायची नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "माझंच मोजायला चुकतंय."

"मग राहू द्या. यापुढे काकाच दाखवतील."

हवं ते मिळालं की! पण काकांना बसवेना. त्यांनी पुढे जाऊन पाणी बंद केलं.

"मॅडमचं मोजणं बरोबर आहे," ते म्हणाले. "चकती मी उलटी लावली. मुद्दाम."

मोठे सर त्यांच्याकडे बघेनात. काकांनी चकती सुलटी केली आणि पाना मॅडमच्या हातात दिला.

"तुम्ही आवळा. डावा हात खाली धरा."

"बासष्ट!" थोड्या वेळानं मॅडम ओरडल्या. टाळ्या पडल्या, तेव्हा काकांच्या पोटात दुखलंच, खोटं कशाला बोला. पण टाळी त्यांनीही वाजवली.