बर्फ दोनदा आला होता

भोईर मॅडमच्या हातात दगड असला की समोरच्याने शब्द जपून वापरावेत, असं आमच्या कॉलेजात म्हणत. दगड त्या कधी फेकायच्या नाहीत. पण दगडाबद्दल कुणी हलगर्जीपणे बोललं की जे फेकायच्या, ते दगडापेक्षा जास्त लागायचं. भूशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला माझ्या वाट्याला मातीने माखलेला, मुठीएवढा दगड आला. मी तो ओढणीने छान पुसून टेबलावर ठेवला. मॅडमनी आधी दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाव काय तुझं?"

"स्मिता."

"स्मिता, तू आत्ता याचा जन्मदाखला फाडलास. तो कुठल्या थरातला, ते त्या मातीत होतं. आता हा नुसता डबर."

वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. तास संपेपर्यंत त्यांनी मला दुसरा दगड दिला नाही.

मॅडम भाईंदर पश्चिमेच्या राई गावातल्या. वडील मिठागरात राबलेले. शिकवताना त्यांची भाषा अगदी पुस्तकी. पण राग आला की गावची बोली वर यायची, आणि राग त्यांना वरचेवर यायचा. कुणी दगडावर आकडा घालायला विसरलं, कुणी दिशा न मोजता नमुना उचलला, की झालं. "पत्ता न्हाय तं दगड न्हाय!" हे वाक्य आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात म्हणायचो.

त्यांचं सगळं आयुष्य एका नदीकाठात गेलं होतं. तीस कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन पार दक्षिण ध्रुवाकडे होती आणि तिच्यावर बर्फाचे अजस्र थर होते. बर्फ सरकताना खालचे दगड उपटतो, एकमेकांवर घासतो, ओढत नेतो आणि वितळला की लहानमोठे सगळे एकाच चिखलात टाकून जातो. तो चिखल पुढे खडक झाला आणि चंद्रपूरकडे एका नदीने तो कापून उघडा केला. मॅडम दर हिवाळ्यात तिथे जायच्या. प्रत्येक दगड कुठे तोंड करून पडलाय ते होकायंत्राने मोजायचं, त्याच्यावरचे ओरखडे वहीत काढायचे, पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर काळ्या शाईने आकडा घालायचा.

तिथे त्यांना दगडगोट्यांचे दोन थर सापडले होते, आणि त्या दोहोंच्या मध्ये तळ्यातल्या बारीक गाळाचा एक पातळ पट्टा. त्या गाळात एकच मोठा दगड रुतलेला, आणि त्याच्या भाराने खालच्या रेषा वाकलेल्या. तळ्यावर तरंगणाऱ्या हिमखंडातून सुटून तो तळाशी पडला होता. म्हणजे बर्फ आला, मागे सरला, तिथे तळं झालं, आणि बर्फ पुन्हा आला. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं. पण एका परिषदेत कुणी बडे प्राध्यापक भरसभेत म्हणाले होते, "बाईंनी चिखल पाहिला आणि त्यांना बर्फ वाटला. डोंगर घसरला असेल." सभागृह हसलं होतं. हे सांगून झालं की मॅडम म्हणायच्या, "मिठागरातल्या पोरीला हा चिखल शिकवतो!"

मॅडम निवृत्त झाल्या. भूशास्त्राला मुलं येईनात, विभाग बंद पडला. मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर पर्यावरण शिकवत होते. नदीकाठचे नमुने मात्र खोक्यांत भरून जुन्या प्रयोगशाळेतच होते. एका दुपारी प्राचार्यांनी मला बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. "तिथे आपण स्मार्ट हॉल करतोय. भूशास्त्रातलं तुम्हालाच कळतं, तेवढी सही करा." कागदावर लिहिलं होतं : जुने दगड, खोकी, निरुपयोगी.

मला माहीत होतं. हे मी सरळच सांगते. त्यातली निम्मी खोकी मी स्वतः उचलून लावली होती. पण जूनमध्ये तास पुन्हा मिळायचे होते, आणि प्राचार्यांच्या टेबलासमोर उभं राहून 'नाही' म्हणायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं. सही केली. संध्याकाळी मॅडमना फोन करू, असं स्वतःला सांगितलं. केला नाही.

तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. आवाजात असा आनंद मी कधी ऐकला नव्हता. परदेशातल्या एका तरुण संशोधक बाईने त्यांचा जुना लेख वाचून पत्र पाठवलं होतं : गाळाच्या पट्ट्याचा नमुना आणि ओरखड्यांचे दगड पाहायला मिळतील का? "उद्या येते, स्मिता. खोकी काढून ठेव."

"मॅडम, खोकी..."

"काय खोकी?"

मी सांगितलं. अर्ध्या तासात त्या रिक्षाने कॉलेजात आल्या. जुन्या प्रयोगशाळेत गुळगुळीत लाद्या होत्या आणि भिंतीवर मोठा पांढरा पडदा.

"कुठं हायत माजं दगड?"

प्राचार्य हसून म्हणाले, "मॅडम, बसा ना. पाणी घ्या. अहो, दगडच होते. दगड काय, कुठेही मिळतात."

"तुमच्यासारखे प्राचार्यही कुठंही मिळतात," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तुम्हाला कुणी खाडीत टाकलं का?"

खाडी हा शब्द त्यांच्या तोंडी रागाने आला होता, पण तो खरा निघाला. टेम्पोवाल्याला गाठलं तर तो म्हणाला, "मॅडम, पूरा मलबा तो खाडी साइड डाला, भरणी के लिए." मग आम्ही दोघी तिथे गेलो, लागोपाठ चार दिवस. फुटक्या लाद्या, संडासाची भांडी, सिमेंटचे गोळे आणि खाली चेंगरलेली तिवराची झुडपं. अडुसष्टाव्या वर्षी मॅडम गुडघाभर चिखलात वाकून पांढरे ठिपके शोधत होत्या. त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. अकरा दगड सापडले. गाळाच्या पट्ट्याचा नमुना मिळाला नाही. त्यावर बहुतेक काँक्रीट पडलं होतं.

पाचव्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. "काय झालं ते लिही. कुणी सांगितलं, कुणी सही केली. सगळं." मी लिहिलं. ते पत्र त्यांनी विद्यापीठात दिलं. प्राचार्यांना कुणी काही विचारलं नाही. मला जूनमध्ये तास मिळाले नाहीत. आता मी पूनम सागर वसाहतीत दहावीच्या शिकवण्या घेते. प्राचार्य दिसले की नमस्कार करतात, आणि माझ्या अंगाची अजून आग होते.

त्या हिवाळ्यात मॅडमनी फोन केला. "चंद्रपूरला जातेय. वही धरायला माणूस पाहिजे." एवढंच. मी गेले. काठ जागेवर होता, पण पुरांमुळे जुना भाग कोसळला होता. मॅडम काठाला पाठ टेकून बसत, श्वास घेत, पुन्हा हातोडी उचलत. त्या आकडे सांगायच्या, मी लिहायचे. चुकले की ओरडायच्या. सहाव्या दिवशी त्यांचा हात थांबला. बारीक गाळाच्या रेषा, आणि त्यात नारळाएवढा एक दगड. खालच्या रेषा गादीसारख्या दबलेल्या. मला रडू आलं.

"रडतेस काय? दिशा लिही आधी."

नमुने परदेशी रवाना झाले. वर्षभराने त्या संशोधक बाईचं उत्तर आलं तेव्हा मॅडम राईच्या घरी अंथरुणाला खिळल्या होत्या. हृदय थकलं होतं. मी खाटेशेजारी बसून मराठीत सांगत गेले : ओरखडे बर्फाचेच आहेत, मधला गाळ तळ्यातलाच आहे, बर्फ दोनदा आला होता. मॅडमनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "चिखल म्हणे!"

मला वाटलं, आता विचारावं. "मॅडम, माझ्यावरचा राग गेला का हो?"

त्यांनी मान वळवली. डोळे तेच होते, पहिल्या प्रात्यक्षिकाचे.

"न्हाय. आणि तूही घालवू नकोस. राग गेला की पुन्हा सही करशील."

चार दिवसांनी त्या गेल्या.